घरच्या घरी अभंग: मिडी कुठवर, माइक कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे घरीच अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करतात. दहा बाय बाराची खोली, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माइक, लॅपटॉप आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (दाबलेल्या पट्ट्यांच्या सूचना संगणकाला धाडणारा) एवढं सामान आहे. मित्र म्हणतात, सगळी वाद्यं सॉफ्टवेअरमध्ये मिळतात, वादक कशाला बोलावतोस? ज्यांच्याकडे गाणं शिकले ते गुरुजी म्हणतात, यंत्रातला तबला हा तबलाच नव्हे. मग ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धं-अर्धं ऐका. मिडी चांगलं की लाइव्ह चांगलं हा वाद अख्ख्या गाण्यावर घालायचाच नाही, एकेका वाद्यावर घालायचा. एकाच अभंगात काही वाद्यं मिडीवर बिनधास्त करता येतात आणि काहींच्या वाटेला मिडीने जाऊच नये. कुठलं वाद्य कुठे, हे ठरवताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: स्वर सुरू झाल्यावर वादकाचा हात त्या स्वरावर असतो, की सुटलेला असतो?

पियानोचा हातोडा तारेवर पडला की संपलं. पुढे तो स्वर कसा विरेल हे पियानो ठरवतो, वादक फार तर पट्टी सोडून तो बंद करतो. संतूरचंही बरंचसं तसंच. अशी वाद्यं मिडीवर छान येतात, कारण मिडीला मुळात एवढंच नीट सांगता येतं: कुठला स्वर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद. उलट बासरीत फुंकर स्वर संपेपर्यंत चालू असते, व्हायोलिनचा गज चालू असतो, सारंगीवर नख तारेला टेकलेलंच असतं. डग्ग्याच्या ‘घे’वर थाप पडून गेल्यावरही मनगट चामड्यावर सरकत असतं. गाण्यातला जीव त्या ‘नंतर’मध्ये असतो, आणि मिडीचं घोडं तिथेच अडतं.

हे असं का, ते कळायला मिडी म्हणजे नक्की काय ते बघू, कारण पुष्कळ जण मिडीला आवाज समजतात. मिडीत आवाज नसतोच. ती सूचनांची वही आहे. सिक्वेन्शिअल कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून हा करार झाला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन कंपन्यांचे सिंथेसायझर, एक प्रॉफेट-६०० आणि एक ज्युपिटर-६, एका वायरने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. त्या वायरमधून जाणारी स्वराची एक सूचना तीन बाइटची. स्वराचे क्रमांक ० ते १२७, जोराचेही तेवढेच. कीबोर्डवर वाजवणाऱ्यांनी कीबोर्डवर वाजवणाऱ्यांसाठी केलेला हा करार आहे, हे विसरू नका. त्याच्या डोक्यात पट्टी आहे. तार नाही, फुंकर नाही, चामडं नाही.

गंमत म्हणजे १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाची १२८ आवाजांची सर्वमान्य यादी ठरली, त्यात सतार १०५ व्या क्रमांकावर आहे, सनई ११२ व्या, जपानी तायको ढोल ११७ व्या. तबल्याचा पत्ता नाही. पण आपल्याकडच्या लोकांनी वाट काढायची ती काढलीच. हळदीपासून गणपतीच्या ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे दिसणारा ऑक्टापॅड हे मुळात मिडीचंच लेकरू. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ साली आला तेव्हा त्याला स्वतःचा आवाजही नव्हता, तो फक्त दुसऱ्या यंत्राला मिडीच्या सूचना धाडायचा. माझी सुरुवात त्याच्या पुढच्या पिढीतल्या एका पॅडवर झाली. त्यामुळे गुरुजींना सांगायला हरकत नाही, की ज्या ‘लाइव्ह’ ऑर्केस्ट्राला आपण टाळ्या वाजवतो त्यातला निम्मा ऱ्हिदम सॅम्पलचाच, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजांचाच असतो. फरक एवढाच, की तिथे ते सॅम्पल माणूस त्या क्षणी, गायकाकडे बघून वाजवत असतो.

आता एकेक वाद्य घेऊ. पेटीपासून सुरू करतो, कारण तिथे लोक हमखास फसतात.

पेटी पट्ट्यांची आहे, म्हणजे मिडीवर सोपी, असं वाटतं. लायब्ररी (वाद्याच्या सॅम्पलचा संच) उघडतात, वाजवतात, आणि काहीतरी खोटं लागतं. सॅम्पल वाईट म्हणून नवीन लायब्ररी विकत घेतात. तीही खोटी लागते. दोष सॅम्पलचा नसतो. पेटीची पट्टी तुम्ही हळू दाबा की जोरात, आवाजाच्या मोठेपणात फरक पडत नाही; पेटीचा जोर भात्यात असतो. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक पट्टीचा जोर वेगळा मोजतो. त्यामुळे तुमच्या करंगळीचा स्वर हळू आणि मधल्या बोटाचा मोठा निघतो, जे खऱ्या पेटीत होऊच शकत नाही. कानाला कारण कळत नाही, पण खोटेपणा कळतो.

उपाय फुकटचा आहे. वाजवून झाल्यावर सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी, म्हणजे मिडीने नोंदवलेला जोर, एकसारखी करून टाका, समजा ९०. मग भाता वेगळा वाजवा: कंट्रोलर क्रमांक ११, म्हणजे एक्स्प्रेशन, मॉड्युलेशनच्या चाकाला किंवा पायातल्या पेडलला जोडा आणि गाणं ऐकत-ऐकत तो दुसऱ्या फेरीत रेकॉर्ड करा. ओळ संपताना भाता जरा उतरतो, पुढची ओळ उचलताना भरतो. खर्ज-नर पेटीचे (एका पट्टीवर खालचा आणि मधला असे दोन सूर वाजवणारी) दोन्ही सूर एकमेकांपासून केसभर हललेले असतात, म्हणून दोन थर लावून एकाला दोन-तीन सेंट सरकवा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). आणि पट्ट्यांची टकटक, भात्याचा श्वास लायब्ररीत असेल तर तो बंद करू नका. एवढं केलंत तर भजनातल्या साथीपुरती मिडीची पेटी चालून जाते. स्वतंत्र पेटीवादनाचा पीस असेल तर मात्र पेटीवाल्यालाच बोलवा.

पेटीवरूनच गांधाराचा विषय निघतो. तंबोऱ्यात कान लावून बसलं की ऐकू येणारा शुद्ध गांधार आणि कीबोर्डचा गांधार यांत साधारण १४ सेंटचा फरक असतो, कीबोर्डचा चढा. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागच्या वादात हाही एक मुद्दा होता. मिडीत हा गांधार उतरवता येतो. पिच बेंडची (स्वर वर-खाली सरकवणारी सूचना) एका बाजूची ८,१९२ पावलं असतात आणि नेहमीची मर्यादा दोन अर्धस्वर, म्हणजे २०० सेंट. १४ सेंट उतरवायला सुमारे ५७३ पावलं खाली. पण साध्या मिडीत बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, त्यामुळे कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) धरला असेल तर षड्ज आणि पंचमही सोबत खाली येतात. एमपीई नावाच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला वेगळा चॅनल मिळतो आणि ही अडचण सुटते, पण त्यासाठी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्या जातीचे लागतात.

मी स्वतः इतक्या खोलात जात नाही. गायक तंबोऱ्यावर गाणार असेल तर मागच्या स्ट्रिंग्जच्या पॅडमधून (लांब धरून ठेवलेल्या सुरांचा थर) गांधार सरळ काढून टाकतो. षड्ज-पंचम ठेवायचे, कधी वरचा रिषभ, बस. गायकाचा गांधार मग एकटा उभा राहतो आणि त्याला कोणी धक्के मारत नाही. पुष्कळ घरगुती रेकॉर्डिंगमध्ये गायक बेसूर वाटतो तेव्हा गायक सुरात असतो आणि मागचा कीबोर्ड त्याच्याशी भांडत असतो. पिच करेक्शन लावून गायकालाच कीबोर्डच्या गांधारावर ओढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

आता तबला. इथे मी माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका भक्तिगीतांच्या कामात मी तबला पूर्ण प्रोग्रॅम केला होता आणि त्याचा मला भलता अभिमान होता. साधा केरवा, ‘धा गे ना ती ना के धी ना’, प्रत्येक अक्षराचे तीन-चार वेगवेगळे सॅम्पल, व्हेलॉसिटी हाताने बदललेल्या, एकच सॅम्पल लागोपाठ वाजून होते तशी मशीनगन कुठेही नाही. एका बुजुर्ग तबलावादकांना ऐकवलं. त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला, अर्धा अंतरा ऐकला आणि म्हणाले, “वाजतोय छान. पण हा गाणं ऐकत नाहीये.”

मग त्यांनी दाखवलं. ओळीचा शेवटचा शब्द लांबतो तिथे खरा तबलजी बोलांची गर्दी कमी करतो आणि शब्द पडल्यावर हात भरतो. माझा तबला नेमका उलटा: शब्दाच्या अंगावर तिरकिट, आणि मोकळ्या जागेत सपाट ठेका, कारण मी तबला रात्री एकट्याने, गायकाचा आवाज येण्याआधीच लिहून ठेवला होता. त्यानंतर मी एक नियम पाळतो. तबला प्रोग्रॅम करायचाच असेल तर निदान कच्चा गळा लावून घेतल्यावर करायचा. आणि सॉफ्टवेअरमधल्या पेन्सिलने स्क्रीनवर चौकोन रंगवायचे नाहीत. पॅडवर बोटांनी वाजवायचं, चुकत-चुकत का होईना.

क्वांटाइझबद्दल (वाजवलेलं आपोआप लयीच्या नेमक्या चौकटीत, म्हणजे ग्रिडवर बसवणं) एवढंच सांगतो. ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा चतुर्थांश १६७ चा. चांगल्या वादकाचा ट्रॅक ग्रिडवर ठेवून बघितलात तर ठरावीक अक्षरं दहा-पंधरा मिलिसेकंद मागे बसलेली दिसतील, आणि प्रत्येक आवर्तनात जवळपास तीच अक्षरं मागे असतील. त्याच्या हाताचं वळण आहे ते. सॉफ्टवेअरचं ‘ह्यूमनाइझ’ बटण मात्र कुठलंही अक्षर कुठेही भिरकावतं. त्यातून नवशिका तबलजी तयार होतो, उस्ताद नाही. त्यापेक्षा खऱ्या वादकाचं एक आवर्तन रेकॉर्ड करून त्याचा ग्रूव्ह, म्हणजे हे मागे-पुढे बसण्याचं वळण, काढून घ्या आणि तो आपल्या मिडीला लावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

तरीसुद्धा डग्ग्याचं काय? ‘घे’ची मींड पिच बेंडने काढता येते: वाजल्यावर लगेच दीड-दोन स्वर वर जाणारी वळणदार रेघ, प्रत्येक वेळी वेगळी. चार-पाच जागी जमते, गाणंभर जमत नाही. म्हणून माझा कल स्पष्ट आहे. तुमच्याकडे पैसे आणि ओळख एकाच वादकापुरती असेल, तर तो तबला किंवा पखवाज वाजवणारा बोलवा. भजनी ठेक्यात मृदंग जिवंत असला की मागची मिडीची पेटी आणि स्ट्रिंग्ज लोक पोटात घालतात. याच्या उलट होत नाही.

बासरी, व्हायोलिन, सारंगी, सनई यांबद्दल वाद नको. संगीताच्या मधल्या तुकड्यात पुढे येऊन वाजणारं असं वाद्य मिडीवर करू नका. पार्श्वभूमीला, पाच-सहा व्हायोलिनच्या घोळक्यात चालतं. तिथेही माझी एक सवय आहे: मिडीच्या स्ट्रिंग्जवर एक खरं व्हायोलिन त्याच सुरावटीत चढवायचं. शक्य असेल तर त्याच वादकाकडून दोनदा वाजवून घ्यायचं, दुसऱ्यांदा खुर्ची हलवून. कान त्या एका गजाला धरतो आणि बाकीच्यांनाही खरं मानतो.

पण लाइव्हची पण किंमत असते, आणि ती फक्त मानधनाची नाही. एका भावगीताचं मी संगीत पांढरी चारमध्ये (पेटीची चौथी पांढरी पट्टी षड्ज धरून) केलं होतं. बासरी लाइव्ह, तबला लाइव्ह, बाकी मिडी. गायिका डबिंगला आल्या, दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. सर्दीने गळा बसलेला, वरचा पंचम लागेना. पांढरी दोनवर घेऊ म्हणाल्या. मिडीचं सगळं (मधल्या काळ्या पट्ट्या धरून) तीन स्वर खाली यायला दहा सेकंद लागले. बासरी आणि तबला मात्र पांढरी चारमध्येच गोठलेले. सॉफ्टवेअरने तीन स्वर उतरवलेला तबला म्हणजे ओल्या खोक्यावर थाप. वादक पुन्हा बोलवावे लागले, मानधन पुन्हा, माफी वर. चूक सर्वस्वी माझी, मी उलट्या क्रमाने गेलो होतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सगळं मिडीवर उभं करा, अगदी ज्या वाद्यांवर मी वर नाक मुरडलं तीसुद्धा. मिडीचा खरा उपयोग इथे आहे: पट्टी बदला, लय बदला, अंतरा कापा, काहीही फुकट. मग गायकाचा कच्चा गळा त्यावर घ्या, आणि पट्टी गायकाच्या तोंडून नक्की करून घ्या, स्वतःच्या अंदाजाने नाही. त्यानंतर वादकांना फोन. बासरीवाल्याला पट्टी आधी कळली तर तो योग्य लांबीची बासरी आणेल. तबलजी तबला निवडूनच आणेल. पांढरी चारचा तबला काळी एकला उतरवून घेऊ, असं ऐन वेळी म्हणता येत नाही, पुडी (तबल्याचं चामडं) बोंबलते. वादक आला की मिडीचा ट्रॅक त्याला ऐकवा, ‘असंच वाजवा’ म्हणून नाही, ‘जागा इथे आहे’ एवढं सांगायला. मग तो ट्रॅक बंद करा. पक्का गळा शेवटी, जिवंत वाद्यं लागल्यावर. गायक त्यांच्या अंगाने गातो, फरक पडतो.

लयीचा मुद्दा अभंगात विशेष आहे. भावगीत क्लिकवर (हेडफोनमधल्या एकसारख्या टिकटिकीवर) बसतं, अभंग बसत नाही. गजराकडे जाताना लय चढलीच पाहिजे, आणि ती पायरी-पायरीने नाही, चढणीसारखी चढते. पुष्कळ जण अख्खा अभंग ९२ वर ठेवतात आणि शेवटी गजर मेलेला निघतो. मी असं करतो: गायकाला नुसत्या टाळावर, क्लिकशिवाय, पूर्ण अभंग एकदा गाऊन घ्यायला सांगतो. त्या रेकॉर्डिंगवर बोटाने मात्रा ठोकून टेम्पोचा नकाशा काढतो. अंतऱ्यांना ८८-९०, शेवटच्या चरणापासून चढत गजराला १०४-१०८, असं काहीसं निघतं. तो नकाशा जरा गुळगुळीत करून मिडी त्यावर चालवायचं आणि क्लिकही त्याच्याच मागे. मिडी नकाशाप्रमाणे आपोआप ताणतं-आवळतं. हे काम आधी केलंत तर पखवाजवाल्याला क्लिकचा जाच होत नाही, कारण क्लिकच गायकासारखी श्वास घेते.

आता माइकची बाजू. दहा बाय बाराची रिकामी खोली ही रेकॉर्डिंगची खरी शत्रू, माइक नाही. समोरासमोरच्या उघड्या भिंतींत टाळी वाजवून बघा, मागे पत्र्यासारखा झंकार येतो. फोम लावायची घाई करू नका. पातळ फोम वरचा चिवचिवाट खातो आणि खालची घुमटी तशीच ठेवतो. गाद्या उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. आमच्या घरी साड्यांच्या कपाटासमोर गायलेले गळे आजही मला सगळ्यात कोरडे आणि स्वच्छ वाटतात. पंखा बंद. खिडकी बंद. मी डोंबिवलीत, रुळांपासून फार लांब नसलेल्या इमारतीत राहतो, त्यामुळे माझी रेकॉर्डिंगची वेळ रेल्वे ठरवते: शेवटच्या गाडीनंतर, पहिल्या गाडीआधी. ज्यांच्या घरी हे शक्य नाही त्यांनी निदान कुकरच्या शिट्ट्यांचं वेळापत्रक घरच्यांशी आधी ठरवून घ्यावं.

तबल्याला तुमच्याकडे दोन चॅनल आहेत, पुरेसे आहेत. एक माइक तबल्याच्या शाईच्या वर साधारण वीतभर-सव्वा वीत अंतरावर, किंचित बाहेरून आत बघणारा. दुसरा डग्ग्याला, जरा लांब, मनगटाच्या विरुद्ध बाजूने; अगदी जवळ लावला तर मनगट घासल्याची खरखर मोठी होते. दुसरा माइक नसेल तर उसना साधा डायनॅमिक आणा, तो तबल्याला लावा आणि कंडेन्सर डग्ग्याला द्या. दोन्ही चॅनल एकत्र ऐकताना डग्गा पोकळ वाटला तर एकाचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा करून बघा. बटण दाबल्यावर जिथे पोट भरतं ती बाजू खरी. २४ बिटवर घ्या आणि सगळ्यात जोराची थापसुद्धा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर लागते, ती हेडफोन काढून ठेवूनच चालू करा.

पखवाजाला आणखी एक सांगणं: डाव्या पुडीवरची कणीक सुकत जाते आणि खर्ज बदलतो. पहिला टेक आणि तासाभराने घेतलेला टेक जोडायला गेलात तर सांधा ऐकू येईल. पाण्याची वाटी शेजारी ठेवा आणि दर टेकला सूर तपासा. बासरीचंही तसंच. मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही एकदा तीन तास बासरी घेतली. हवा तापेल तशी बासरी चढते; अकरावा टेक वाजला तेव्हा ती पेटीच्या डोक्यावर बसली होती. त्यात वरच्या मजल्यावर कोणाचं तरी ड्रिल. कामाला आले दोन टेक. दोन्ही पहिल्या अर्ध्या तासातले.

टाळ कोणीही मिडीवर करू नये, इतकी ती सोपी आणि स्वस्त गोष्ट आहे. शेजारचे काका भजनी मंडळात असतील तर त्यांना चहाला बोलवा. फक्त टाळ माइकच्या तोंडाशी नको; खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माइकच्या कडेला उभं करा, गेन कमी ठेवा. जवळून घेतलेला टाळ कानात टाचणीसारखा टोचतो आणि मिक्समध्ये काही केल्या मागे जात नाही. चिपळ्या, टाळ्या, कोरसचे ‘विठ्ठल विठ्ठल’ हे सगळं एका माइकवर, तीन-तीन माणसं, चार वेळा जागा बदलून. बारा माणसांचा गजर तयार. मिडीच्या पखवाजावर असा खरा टाळ आणि खरा गजर चढवला की अभंग घरात केलाय हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

उशिराचा प्रश्न तुम्हाला येणारच, म्हणून तोही सांगून टाकतो. कीबोर्ड दाबल्यावर आवाज उशिरा येतो तो बहुतेक वेळा बफरमुळे, म्हणजे संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे धाडतो त्यामुळे. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळपास १२, आणि इंटरफेसची आत-बाहेर जाण्याची भर वेगळी. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. माइकवर रेकॉर्ड करताना इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला) चालू करा म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन वादकाला देऊ नका. त्यात दीडशे मिलिसेकंद सहज जातात. बिचारा तबलजी लयीत वाजवतो आणि ट्रॅकवर मागे पडलेला दिसतो. आमच्याकडे एका होतकरू मुलाने यापायी स्वतःच्या हातावरच शंका घेतली होती.

आणखी एक सावधगिरी, जी मला पंधरा वर्षांनी कळली. जुन्या डिस्कवरची गाणी मी मध्यंतरी उघडली. मिडीच्या फायली व्यवस्थित उघडल्या, काही किलोबाइटच्या तर असतात. पण ज्या लायब्ररीतून तो आवाज यायचा ती आता कुठल्याच संगणकावर चालत नाही. वही आहे, वाचणारा मेला. जे लाइव्ह घेतलं होतं, ते वेव्ह फायलींत जसंच्या तसं वाजलं. तेव्हा गाणं संपलं की प्रत्येक मिडी ट्रॅक ऑडिओत उतरवून ठेवा, शून्यापासून शेवटपर्यंत, पट्टी आणि लय फायलीच्या नावात लिहून. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचं मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी होतं, डिस्क आता स्वस्त आहेत.

तर तुमच्या पहिल्या अभंगासाठी मी असं करीन. तंबोरा अॅपमधून. पेटी मिडीवर, भाता पेडलने. मागे षड्ज-पंचमाचा पातळ पॅड, तोही वाटलं तरच. पखवाज आधी मिडीवर कच्चा, मग एक दिवस खरा पखवाजवाला, दोन माइकवर, तीनच टेक. टाळ आणि गजर एखाद्या रविवारी सोसायटीतल्या मंडळींकडून. बासरीचा मोह टाळा. तिच्यावाचून अभंगाचं काही अडत नाही, आणि दुसऱ्या गाण्यासाठी काहीतरी शिल्लक राहू द्या.

पखवाज घ्यायच्या दिवशी फ्रिज बंद करायचा. त्याची घरघर तुम्हाला सवयीने ऐकू येत नाही, माइकला येते. बंद करताना आपल्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. वादकाला स्टेशनवर सोडायला निघाल की किल्ली शोधाल, फ्रिज उघडाल, आणि तो चालू करायचं आठवेल. आमच्या घरी दोन वेळा दूध नासल्यावर ही पद्धत बसली.